सात-दहा मिनिटांची मैत्रीभावना: मन प्रसन्न करण्याची आणि परक्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलण्याची रीत

मैत्रीभावनेचे ध्यान, म्हणजे दुसऱ्याचे भले होवो ही इच्छा मनात घोळवण्याचे ध्यान, म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर दहा दिवसांचे शिबिर, मौन आणि पहाटे चारची घंटा उभी राहते. इगतपुरीला विपश्यनेसाठी जाऊन आलेली माणसे खानदेशात गावोगावी भेटतात आणि शिबिराच्या अखेरीस शिकवली जाणारी मंगलमैत्री त्यांच्या चांगली लक्षात असते. परंतु घरी परतल्यावर शेतीची, दुकानाची किंवा नोकरीची धावपळ सुरू झाली की रोज तासभर बसणे जमत नाही आणि हळूहळू सारेच सुटते. ज्यांनी शिबिर कधी पाहिलेलेच नाही, ते तर हा आपला प्रांत नाही असे समजून सुरुवातच करत नाहीत. हा लेख या दोघांसाठी आहे. रोजची सात ते दहा मिनिटे दिली तर मनःस्थितीवर आणि इतरांकडे पाहण्याच्या दृष्टीवर काय परिणाम होऊ शकतो, कोणता परिणाम अपेक्षू नये आणि हे ध्यान प्रत्यक्ष कसे करावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

परिणामांविषयी काय कळले आहे

थोड्या वेळाच्या मैत्रीभावनेवरचा सर्वांत परिचित प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेंड्री हचरसन, एमा सेपाला आणि जेम्स ग्रॉस यांनी तो केला. ध्यानाचा फारसा अनुभव नसलेल्या लोकांना डोळे मिटून अशी कल्पना करायला सांगितले की, आपल्या दोन्ही बाजूंना आपल्यावर माया करणारी दोन माणसे उभी आहेत आणि त्यांची माया आपल्याकडे येत आहे. सुमारे चार मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि समोरच्या पडद्यावर दिसणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या छायाचित्राकडे पाहत त्याच्या सुखाची व आरोग्याची इच्छा मनात घोळवली. दुसऱ्या गटाने जवळपास हेच केले, मात्र त्यांनी कल्पनेत आणलेली माणसे केवळ तोंडओळखीची होती, आणि छायाचित्राकडेही त्यांनी फक्त नाक-डोळे-कपडे निरखत पाहिले. हा सारा प्रकार सात मिनिटांचा होता. पहिल्या गटाची मनःस्थिती अधिक प्रसन्न झाली, आणि छायाचित्रातील अनोळखी माणसाविषयीची आपुलकीही वाढली. ही आपुलकी केवळ विचारल्यावर दिलेल्या उत्तरांत नव्हती. छायाचित्र क्षणभर दाखवून लगेच चांगल्या किंवा वाईट अर्थाचा शब्द दाखवायचा आणि तो ओळखायला किती वेळ लागतो हे मोजायचे, अशा चाचणीतही ती दिसली. आणि अशा चाचणीत माणसाला ठरवून चांगले दिसता येत नाही.

या प्रयोगाची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. मोजमाप ध्यानानंतर लगेच झाले होते. सात मिनिटांनी स्वभाव पालटतो असा दावा त्यातून निघत नाही. त्या सात मिनिटांनी दार किलकिले होते इतकेच म्हणता येते, आणि माझ्या मते एवढे कळणेही मोठे आहे, कारण परक्या माणसाविषयीची आपली उदासीनता दगडावरची रेघ नाही हे त्यातून सिद्ध होते.

रोज केल्यास काय होते, याचे उत्तर बार्बरा फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 2008 सालीच दिलेले आहे. नोकरी करणाऱ्या 139 प्रौढांपैकी काहींना सात आठवड्यांच्या मैत्रीभावना वर्गात घातले, बाकीचे प्रतीक्षायादीत राहिले. पहिल्या एक-दोन आठवड्यांत ठळक फरक पडला नाही. त्यानंतर आनंद, कृतज्ञता, समाधान, आशा यांसारख्या भावनांचे प्रमाण हळूहळू वाढत गेले, आणि त्यांच्या आधारावर इतरांचा आधार वाटणे, आयुष्याला हेतू असल्याची जाणीव होणे आणि आजारपणाची लक्षणे कमी होणे हे बदल दिसले. पहिल्या एक-दोन आठवड्यांत ठळक फरक पडत नाही, हे नव्याने सुरुवात करणाऱ्याने मनात पक्के ठेवावे. बहुतेक लोक दहाव्या-बाराव्या दिवशी काहीच होत नाही म्हणून सोडतात, आणि त्या अभ्यासात बदल दिसू लागला तो नेमका त्यानंतर.

आपल्या गटाबाहेरच्या माणसांविषयीच्या पूर्वग्रहांचा प्रश्न अधिक अवघड आहे. यूना कांग, जेरेमी ग्रे आणि जॉन डोविडिओ यांच्या 2014 च्या अभ्यासात 101 लोकांपैकी एका गटाने सहा आठवडे मैत्रीभावनेचा प्रत्यक्ष सराव केला, दुसऱ्याने मैत्रीभावनेवर केवळ चर्चा केली आणि तिसरा प्रतीक्षेत राहिला. कृष्णवर्णीयांविषयीचा आणि बेघर लोकांविषयीचा नकळत असलेला पूर्वग्रह फक्त सराव करणाऱ्यांत कमी झाला. चर्चा करणाऱ्यांत झाला नाही. ससेक्स विद्यापीठातील स्टेल आणि फारसाइड्स यांनी 2016 मध्ये सात मिनिटांच्या ध्यानाचाच असा परिणाम दाखवला, पण त्यात एक मोलाची गोष्ट आढळली: ज्या गटातील माणूस डोळ्यांसमोर ठेवून ध्यान केले, त्याच गटाविषयीचा पूर्वग्रह घटला, दुसऱ्या गटाविषयीचा होता तसाच राहिला. म्हणजे 'सर्वांचे भले होवो' असे मोघम म्हणून भागत नाही. मैत्रीला चेहरा लागतो.

पुढे दिलेली सारी पद्धत या एका निष्कर्षावर उभी आहे. मैत्रीभावनेचा गाभा आवडत्या माणसात नाही आणि शत्रूतही नाही. तो ज्याच्याकडे आपण कधी धड पाहिलेलेच नाही, अशा माणसात आहे. आवडत्यावर प्रेम असतेच, शत्रूशी समेट व्हायला वेळ लागतो, पण रोज शेजारून जाणाऱ्या अनोळख्याविषयीची भावना थोड्याशा प्रयत्नानेही हलते.

बसण्यापूर्वीची तयारी

वेळ एकच ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा दुपारी बसणे हा निव्वळ त्रास आहे. सूर्य वर येण्यापूर्वी गच्चीवर किंवा ओट्यावर चटई टाकून बसावे. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसावे, पाय जमिनीला टेकवावेत. मांडी घालण्याला या ध्यानात वेगळे महत्त्व नाही. मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावून तो पालथा ठेवावा, म्हणजे सारखे घड्याळाकडे लक्ष जात नाही.

त्यानंतर वाक्ये निवडावीत. चार पुरेत, आणि ती आपण एरवी ज्या भाषेत आशीर्वाद देतो त्या भाषेत असावीत. नमुन्यादाखल: 'तू सुखी राहा. तू निरोगी राहा. तुझ्या जिवाला घोर नसो. तुझे दिवस बरे जावोत.' घरात अहिराणी बोलणाऱ्यांनी 'तुन्हं भलं होवो' असे म्हणावे; पुस्तकी मराठीत जे शब्द ओठांवरच राहतात, ते घरच्या बोलीत आत उतरतात. ज्या माणसाला आपण 'अहो-जाहो' करतो त्याला ध्यानातही 'तुम्ही'च म्हणावे. आबा, नाना, जिभाऊ, आक्का असे ज्या नात्याने हाक मारतो, त्याच नात्याने मनात हाक मारावी. एकदा ठरलेली वाक्ये निदान सहा आठवडे बदलू नयेत.

पहिली पायरी: माया करणारा माणूस

सुरुवातीचे एक मिनिट फक्त श्वासाकडे लक्ष द्यावे. तो लांबवण्याचा किंवा रोखण्याचा प्रयत्न करू नये. मग आपल्यावर निर्हेतुक माया केलेल्या एका हयात माणसाला डोळ्यांसमोर आणावे.

'हयात' हा शब्द मुद्दाम घातला आहे. पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात मैत्रीभावनेचा क्रम सांगताना मृत व्यक्तीवर ही भावना करू नये असे स्पष्ट लिहिले आहे, आणि व्यवहारातही ते पटते. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात, त्या दिवसांत गेलेल्या आईची किंवा वडिलांची आठवण दाटून येते, आणि ध्यानाला बसल्यावर त्यांचाच चेहरा समोर येणे अगदी स्वाभाविक आहे. तो आला तर नमस्कार करावा, हवे तर डोळे भरू द्यावेत. पण त्या दिवशीच्या ध्यानासाठी दुसरा माणूस घ्यावा, कारण शोकातून मैत्रीकडे जाण्याची वाट नवशिक्याला सापडत नाही. ज्या नात्यात ओढ आणि रुसवेफुगवे दोन्ही भरपूर आहेत, म्हणजे नवरा, बायको किंवा वयात आलेला मुलगा, तेही सुरुवातीला टाळावे. शाळेतील एखादे गुरुजी, आत्या, मोठी बहीण, लहानपणी हातावर गूळ-शेंगदाणे ठेवणारी शेजारची आजी यांतील कोणीही चालेल.

त्या माणसाचा एखादा नेमका प्रसंग आठवावा आणि तो आपल्याकडे मायेने पाहतो आहे अशी कल्पना करावी. दोन मिनिटे ही माया केवळ घ्यावी. अनेकांना देणे सोपे जाते, घेणे जड जाते. जड गेले तरी तसेच बसून राहावे. त्यानंतर त्याच माणसाकडे पाहत चार वाक्ये सावकाश म्हणावीत, दोन वाक्यांमध्ये एक श्वास जाऊ द्यावा. छातीत ऊब वाटलीच पाहिजे अशी अट नाही. वाक्याचा अर्थ मनात असणे पुरेसे आहे.

स्वतःचे काय?

जुन्या परंपरेत मैत्रीभावना स्वतःपासून सुरू होते. आपल्याला जसे सुख हवे तसेच दुसऱ्यालाही हवे, हे आधी स्वतःवरून ओळखावे, असा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्य आहे. तरीही रोज स्वतःला दूषणे देण्याची सवय ज्याला जडलेली आहे, पीक गेले, परीक्षा हुकली, कर्ज फिटले नाही या विचारांनी ज्याचे मन पोखरले आहे, त्याला 'मी सुखी राहो' हे पहिलेच वाक्य खोटे वाटते आणि कधी कधी अधिक उदास करते. म्हणून मी पहिली पायरी माया करणाऱ्या माणसाची ठेवली आहे. त्याच्या नजरेतून स्वतःकडे पाहत एक मिनिटभर ती चार वाक्ये स्वतःसाठी म्हणावीत. तेही जमत नसेल तर पहिला पंधरवडा ही पायरी सोडून द्यावी.

मुख्य पायरी: तटस्थ माणूस

आता असा माणूस निवडावा जो वरचेवर दिसतो, पण ज्याच्याविषयी आपल्याला प्रेमही नाही आणि रागही नाही. पीठगिरणीवर डबे उतरवून घेणारा, नळाला पाणी सोडणारा, रोजच्या एस.टी.चा वाहक, बँकेच्या दारातला पहारेकरी. निवड आदल्या रात्रीच करून ठेवावी, नाहीतर अर्धा वेळ निवडण्यातच जातो. आणि हा माणूस निदान दोन आठवडे तोच ठेवावा.

ही पायरी घाईने उरकू नये. समजा तुम्ही रावेर किंवा यावल भागात राहता आणि केळीचे घड वाहणारा एक मजूर निवडला आहे. डोळे मिटून त्याला आणा. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर घड, मान ताठ, पाय चिखलात बेताने टाकलेले. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळपट डाग आहेत, आणि ते कितीही धुतले तरी जात नाहीत, म्हणून कामासाठी त्याने हा एकच सदरा राखून ठेवलेला आहे. गाडी भरून झाली की तो बांधावर बसून फडक्यातली भाकरी सोडतो. कोणाशी तरी फोनवर बोलतो, आणि बोलताना त्याचा आवाज बदलतो, म्हणजे पलीकडे घरचेच कोणी असावे. त्यालाही पाठदुखी आहे, त्यालाही पोरांच्या शाळेची काळजी आहे, रात्री त्यालाही शांत झोप हवी आहे. इथपर्यंत आल्यावर वाक्ये सुरू करावीत: 'दादा, तुम्ही सुखी राहा. तुम्ही निरोगी राहा. तुमच्या जिवाला घोर नसो. तुमचे दिवस बरे जावोत.' तीन-चार मिनिटे हेच चालू ठेवावे. मन भरकटेल, ते पुन्हा त्याच्या चेहऱ्यावर आणावे.

यात दया येऊ लागली तर सावध व्हावे. 'बिचारा' हा शब्द मनात आला की आपण वर आणि तो खाली अशी मांडणी झालेली असते, आणि मैत्री मित्राशी असते. त्याचा आनंदाचा क्षण कल्पनेत आणला की तोल सावरतो: लग्नाच्या वरातीत तो नाचतो आहे, आखाजीला माहेरी आलेल्या लेकीसाठी झोका बांधतो आहे.

भुसावळहून जळगावला रोज रेल्वेने नोकरीला जाणाऱ्या माझ्या परिचयातील एका शिक्षिकांनी डब्यात चणे-फुटाणे विकणाऱ्या एका बाईंची अशी निवड केली होती. काही आठवड्यांनी त्यांनी सांगितलेला बदल लहान होता, म्हणून मला तो खरा वाटला. पूर्वी टोपली जवळ आली की त्या पाय आखडून घेत आणि खिडकीबाहेर पाहत. आता त्या आपोआप सरकून जागा देतात. त्यासाठी त्यांनी कोणताही निश्चय केलेला नव्हता.

ज्याच्याशी पटत नाही तो

तटस्थ माणसाची पायरी सहज होऊ लागल्याखेरीज इकडे येऊ नये. आले तरी सर्वांत मोठ्या वैऱ्यापासून सुरुवात करू नये. भाऊबंदकीत वाटणीवरून कोर्टात गेलेला चुलतभाऊ किंवा बांध कोरणारा शेजारी ही निवड पहिल्या महिन्यासाठी नाही. रांगेत पुढे घुसलेला, गाडी आडवी लावणारा, बैठकीत बोलू न देणारा असा किरकोळ त्रासाचा माणूस घ्यावा आणि त्याला एक मिनिटापेक्षा जास्त वेळ देऊ नये. राग उसळला तर पुन्हा माया करणाऱ्या माणसाकडे यावे.

मैत्रीभावना म्हणजे माफी नव्हे आणि हक्क सोडणेही नव्हे. बांधाची मोजणी मागावी, कज्जा चालवावा, आणि तरीही त्या माणसाच्या पोराबाळांचे वाईट चिंतू नये, एवढाच याचा अर्थ आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता म्हणजे आनंद आणि अपुण्य करणाऱ्याविषयी उपेक्षा म्हणजे अलिप्तता सांगितली आहे. सर्वांसाठी एकच भावना बळेच आणण्याची गरज नाही, हे त्या विभागणीतून शिकण्यासारखे आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीने मारणाऱ्यावर मैत्रीभावना करण्याचा सल्ला तर कोणीही देऊ नये. तिथे आधी सुरक्षितता आणि कायद्याची मदत हवी.

गटाविषयीची दृष्टी

सहा आठवड्यांनंतर, ज्या समाजगटाविषयी आपल्या मनात नकळत आकस किंवा तुच्छता आहे, त्या गटातील एक खरा माणूस तटस्थ माणसाच्या जागी घ्यावा. आपल्या भागात हे करण्याजोगे बरेच आहे. सातपुड्यातून कामासाठी खाली उतरणारी पावरा आणि भिल्ल कुटुंबे, नंदुरबारकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या, परप्रांतातून आलेले कारागीर, दुसऱ्या धर्माच्या मोहल्ल्यातले दुकानदार यांच्याविषयी ओट्यावरच्या गप्पांत जे सहज बोलले जाते, ते कधी तरी शांतपणे आठवून पाहावे. आपण असे काही मानत नाही, असे प्रत्येकाला वाटते. वर सांगितलेल्या सहा आठवड्यांच्या अभ्यासात प्रश्न विचारून मोजलेली मते सरावानंतरही बदललेली दिसली नाहीत. बदलला तो नकळत असलेला पूर्वग्रह. त्यामुळे 'माझ्या मनात काही नाही' या स्वतःच्या साक्षीवर विसंबून ही पायरी गाळू नये. गट डोळ्यांसमोर आणू नये, माणूस आणावा, आणि त्याच्या कामाचे बारकावे घड वाहणाऱ्या मजुराप्रमाणेच भरावेत. ध्यानाने मजुरीचे दर सुधारत नाहीत आणि शाळाही उघडत नाही, हे खरेच आहे. ती कामे वेगळी करावी लागतात.

अडचणी

झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवावेत किंवा उभ्याने करावे. वाक्ये यांत्रिक होत असतील तर ती कमी करावीत. एकच वाक्य, पण चेहरा स्पष्ट. काहीच वाटत नाही ही तक्रार सर्वांत जास्त येते, आणि तिला उत्तर एकच आहे: ध्यानात काय वाटते यावरून परिणाम मोजू नये, दिवसभरातल्या वागण्यावरून मोजावा. मात्र बसल्यावर रडू आवरत नसेल, जुने आघात पुन्हा पुन्हा समोर येत असतील किंवा उदासी वाढत असेल, तर ध्यान थांबवावे आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. शासनाच्या टेली मानस सेवेचा 14416 हा क्रमांक यासाठीच आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. औषधे चालू असतील तर ती ध्यानाच्या भरवशावर बंद करू नयेत.

नोंद कशी ठेवावी

एका वहीत रोज दोनच गोष्टी लिहाव्यात. बसण्यापूर्वीची आणि नंतरची मनःस्थिती शून्य ते दहा या मापाने, आणि रात्री झोपण्यापूर्वी, त्या दिवशी तटस्थ माणूस दिसला असल्यास आपण काय केले याचे एक वाक्य. पाहिले, नाही पाहिले, बोललो, नाव विचारले, पाणी दिले, चिडलो, जे घडले ते. मनःस्थितीचे आकडे रोज वर-खाली होतील, कधी पिकाचा भाव पडल्यामुळे, कधी नुसत्या उकाड्यामुळे. त्यांची सरासरी आठवड्याने काढावी, एकेका दिवसावरून अर्थ काढू नये. दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नये, नेहमीएवढेच बसावे.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याची वहीतली वाक्ये शेजारी ठेवून वाचावीत. आकडे वाढले पण वाक्ये तशीच राहिली, तर माया करणाऱ्या माणसाचा वेळ एका मिनिटावर आणून तटस्थ माणसाचा वाढवावा. दोन्ही जागचे हलले नसतील तर निवडलेला माणूस बदलावा, आणि या वेळी असा घ्यावा की ज्याच्याशी दिवसातून एकदा तरी प्रत्यक्ष बोलण्याची वेळ येते.